निळ्या माशाची सेवाज्येष्ठता

खाऱ्या पाण्यातले मासे घरात पाळू नयेत. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही. ज्यांना घाई नाही त्यांना सविस्तर सांगतो, कारण घरात हल्ली माझं सविस्तर कोणी ऐकून घेत नाही.

मी आस्थापना शाखेत काम करतो. आमच्या कार्यालयात चारशे बारा माणसं आहेत आणि त्यांची सेवाज्येष्ठतेची यादी माझ्या ताब्यात असते. कोण कोणाच्या आधी रुजू झाला, बढती आधी कोणाची, खिडकीजवळचं टेबल कोणाचं आणि स्वच्छतागृहाच्या दाराजवळचं कोणाचं, हे मी अठ्ठावीस वर्षं ठरवत आलोय. या काळात माझ्या यादीवर एकोणीस हरकती आल्या आणि एकोणीसच्या एकोणीस फेटाळल्या गेल्या. बढाई मारायची म्हणून सांगत नाही. ज्यानं चारशे बारा माणसं एका इमारतीत नांदवली त्याला पाच मासे एका पेटीत नांदवता येणार नाहीत, असं कोणी आधी म्हटलं असतं तर मी त्याला चहा पाजून परत पाठवला असता, एवढंच म्हणायचंय.

मासे आणायची कल्पना माझी नव्हती, डॉक्टरांची होती. आई गेल्यावर बाबांनी बोलणं टाकलं. मुके झाले असं नाही. "हं" म्हणत. चहा हवा का, तर हं. नको का, तरी हंच. हॉलमध्ये खिडकीशी एक खुर्ची होती, तीत ते सकाळी बसत आणि दिवे लागले तरी तिथेच असत. जेवणाचं ताटसुद्धा तिथेच न्यावं लागे. स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलाकडे ते फिरकत नव्हते, कारण तिथे त्यांच्या खुर्चीला लागून आईची खुर्ची होती. तीत कोणी बसत नव्हतं, आणि ती तिथून हलवायची आमची कोणाची हिंमत होत नव्हती. मी, बायको आणि अकरावीतली कन्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कोंडाळं करून जेवायचो. सहा माणसांचं टेबल, पण आम्हाला ताटं ठेवायला जागा पुरत नव्हती.

त्यात ताईचा दर रविवारी फोन. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, त्यामुळे तिच्या म्हणण्यावर हरकत घ्यायची सोय नाही. तुझ्याकडे बाबांचं मन रमत नाही, मी त्यांना माझ्याकडे घेऊन जाते, असं ती म्हणायला लागली. मी मुदत मागितली. ताईनं तीन महिने दिले. तोवर बाबा उठून टेबलाशी आले आणि चारचौघांसारखे जेवायला लागले तर ठीक, नाहीतर मुदत संपल्यावरच्या रविवारी ती रिकामी बॅग घेऊन येणार आणि बाबांचे कपडे भरून नेणार, असं ठरलं. बाबांना विचारलं तर ते हं म्हणाले.

मला ते फार लागलं. बाबा जाणार याचं वाईट वाटत होतंच, पण मुलाच्या घरी मन रमलं नाही असा शेरा माझ्या नावावर कायमचा बसणार, याचंही वाटत होतं. मी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, त्यांच्या डोळ्यांसमोर काहीतरी हलतं राहू दे. त्यांच्या दवाखान्यात माशांची पेटी होती, तिच्याकडे बोट करून म्हणाले. माझ्यामागे अजून अकरा पेशंट होते, त्यामुळे त्यांच्या बोटाला जे लागलं ते त्यांनी सुचवलं असावं, असं मला आता वाटतं.

गोड्या पाण्यातले मासे घेतले असते तर ही कथा घडलीच नसती. पण कन्येनं खाऱ्या पाण्यातले मासे दाखवले. त्यांचे रंग बघून मीही पाघळलो. पाणी ते पाणी, त्यात मीठ टाकायचं, असा माझा हिशेब होता. तो शेजाऱ्यांनी पक्का केला.

हे शेजारी आमच्या समोरच्या दारात राहतात. विम्याच्या नोकरीतून निवृत्त झालेत आणि कुठलंही वाक्य "अनुभवानं सांगतो" इथून सुरू करतात. म्हणून आमच्या घरात त्यांना 'अनुभवी' म्हणतात. त्यांनी आयुष्यात एकही मासा पाळलेला नाही. त्यांच्या मावसभावाकडे कासव होतं आणि ते हरवलं, एवढाच या विषयातला त्यांचा अनुभव. पण पेटी घरात आली त्या दिवशी ते आमच्या आधी सोफ्यावर बसले होते. अनुभवानं सांगतो, म्हणाले, स्वयंपाकाचं मीठ चालतं, समुद्रात काय वेगळं असतं. मी पाच किलो मीठ आणलं. दुकानातल्या बाईंना ते सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मला नीट पाहून घेतलं.

या बाई महत्त्वाच्या आहेत. मत्स्यपेट्यांचं दुकान त्या एकट्या चालवतात, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवतात आणि हळू आवाजात बोलतात, जणू मासे ऐकताहेत. त्यांनी मला माशांचं मीठ वेगळं असतं हे शिकवलं, खारेपणा मोजायची नळी दिली आणि एक भयंकर गोष्ट सांगितली. पाणी आणि दगड पेटीत घालून सहा आठवडे थांबायचं. तोवर मासे घालायचे नाहीत, कारण पाणी मुरायला हवं. तीन महिन्यांच्या मुदतीतले दीड महिने मुरण्यातच जाणार होते.

ते सहा आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. हॉलमध्ये चार फुटांची काचेची पेटी, आत वाळू, मधोमध दगडांचा एक डोंगर, वर दिवा, कोपऱ्यात पाण्यात बुडवलेला घरघरणारा पंप, आणि आत कोणीही नाही. येणारा जाणारा वाकून वाकून बघायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. मासे मेले का, असं हळहळून विचारायचा. अजून यायचेत म्हटलं की चेहऱ्यावर काळजी दिसायची, ती माझ्याबद्दलची. पाणी दिवसेंदिवस कमी होत होतं, म्हणून मी रोज त्यात मिठाचं पाणी घालत गेलो. बाईंनी नळी बघितली आणि म्हणाल्या, पाणी उडून जातं, मीठ जात नाही, वरून साधं पाणी घालायचं असतं. निम्मं पाणी बादल्यांनी उपसून टाकावं लागलं. बायको मुकाट्यानं पुसत होती. तिचं ते मुकाट्यानं पुसणं मला फार महागात पडतं.

पेटी मी मुद्दाम खिडकीच्या समोरच्या भिंतीला लावली होती, म्हणजे ती बघायला बाबांना खुर्ची वळवावी लागेल. बाबांनी ती वळवली नाही. ते खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत बघत होते.

दरम्यान इमारतीच्या सचिवांचं पत्र आलं. आपण सदनिकेत पाळीव प्राणी ठेवत असल्याचे समजते, तरी सोबतचा नमुना भरून द्यावा. मी नमुना बघितला. प्रत्येक प्राण्याची जात, वय, रंग, लसीकरणाचा दाखला, एक रंगीत फोटो, आणि 'यापूर्वी कोणास चावला आहे काय' हा रकाना. खाली टीप होती, एका सदनिकेत दोनपेक्षा अधिक प्राणी नकोत. मी सचिवांना भेटून म्हणालो की मासे हे त्या अर्थानं प्राणी नव्हेत. ते म्हणाले, मग ते काय आहेत ते लेखी द्या. मी म्हणालो, त्यांना लस देत नाहीत. ते म्हणाले, देत नाहीत असा दाखला आणा. मी म्हणालो, असा दाखला कोण देणार. ते म्हणाले, ते अर्जदारानं बघायचं असतं. या प्रत्येक उत्तराला मी मनात दाद देत होतो, कारण मी स्वतः अठ्ठावीस वर्षं लोकांना हेच सांगत आलोय. ते अंगावर आलं की कसं वाटतं हे मात्र पहिल्यांदाच कळलं. शेवटी अर्ज विचाराधीन ठेवून सचिव कधीही तपासणीला येतील, एवढ्यावर सुटका झाली.

सहा आठवडे संपले आणि मी मासे निवडायला गेलो. हा माझा प्रांत होता.

बाईंच्या दुकानात भिंतीवर एक तक्ता आहे. उभे मासे, आडवे मासे, आणि चौकोनांत रंग. हिरवा म्हणजे दोघं एकत्र नांदतील. लाल म्हणजे एक दुसऱ्याला खाईल. पिवळा म्हणजे सांगता येत नाही. असा तक्ता आमच्या कार्यालयात असता तर माझी किती वर्षं वाचली असती, या विचारानं मी हळवा झालो. मी तो वहीत उतरवून घेतला, लाल रंगाचे सगळे उमेदवार बाद केले आणि पाचजणांची निवड केली. एक पिवळा टँग, हाताच्या पंजाएवढा. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची क्लाऊनफिशची जोडी. वाळूत राहणारा एक लाजाळू गोबी. आणि अंगठ्याएवढा एक निळा डॅमसेल. इतका निळा की बघतच राहावं.

बाई म्हणाल्या की निळा सगळ्यांशी पिवळ्यात येतो. मी म्हणालो, पिवळं म्हणजे सशर्त मंजूर. बाई म्हणाल्या, पिवळं म्हणजे तुमच्या जबाबदारीवर. मग त्यांनी मला क्रम सांगितला. आधी गोबी सोडायचा, मग जोडी, मग टँग आणि निळा अगदी शेवटी. आणि माझं ऐकाल तर, म्हणाल्या, निळा नेऊच नका, तो माझ्याकडे आठ महिने आहे.

इथे माझी चूक झाली. अशी चूक, जी दुसऱ्या कोणाकडून झालीच नसती. दुसऱ्या कोणी हे ऐकून विचारलं असतं की आठ महिने याला कोणी का नेलं नाही. मी आदरानं मान डोलावली आणि बाकीच्यांच्या तारखा विचारल्या. टँग तीन आठवड्यांपूर्वी आलेला. जोडी पंधरा दिवसांची. गोबी परवाचा. म्हणजे आठ महिने सेवा झालेल्या माशाला डावलून परवा रुजू झालेल्या गोबीला आधी जागा द्यायची. बाई चांगल्या होत्या, पण त्यांना प्रशासन कळत नव्हतं. मी वहीत यादी केली. अनुक्रमांक एक, निळा. दोन, टँग. तीन आणि चार, जोडी. पाच, गोबी. दर आठवड्याला एक नेमणूक. बाईंनी यादी वाचली आणि माझ्याशी वाद घालण्याऐवजी निळ्याला पिशवीत भरलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण पिशवीला गाठ मारताना त्या गालातल्या गालात हसत होत्या.

माझ्या या ज्येष्ठताप्रेमाचं मूळ बाबांपर्यंत जातं. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि चौथीत मी त्यांच्याच वर्गात होतो. माझी खिडकीजवळची जागा होती, पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी पोचून पकडलेली. महिन्याभरात बाबांनी सगळे बाक फिरवले. ज्या भिंतीला पाठ होती तिकडे तोंड, खिडकीवाले मागे, मागचे पुढे. मी दाराजवळ गेलो, जिथे डस्टर झटकत. घरी आल्यावर मी आईकडे तक्रार केली, पण निकाल बदलला नाही. पुढे सगळी वर्षं बाबांच्या वर्गात दर महिन्याला बाक फिरत राहिले. मी मोठा झाल्यावर अशा नोकरीत गेलो जिथे एकदा मिळालेली जागा हलत नाही.

तर निळा रुजू झाला. पेटीत उतरला, डोंगराला एक फेरी मारली, मधल्या कपारीत शिरला आणि तोंड बाहेर काढून बसला. मी कन्येला म्हणालो, बघ, अनुभवी माणूस कसा शांतपणे कार्यभार स्वीकारतो. समोरचे अनुभवीही तिथेच होते, त्यांना ते आवडलं.

दुसऱ्या आठवड्यात टँग आला. तो निळ्याच्या पाचपट. पहिल्या तासात निळ्यानं त्याला कोपऱ्यात घेतलं, दुसऱ्या तासात त्याच्या शेपटीचा तुकडा काढला, आणि संध्याकाळपर्यंत एवढा थोरला पिवळा मासा पंपाच्या मागे भिंतीला चिकटून उभा होता. मी म्हणालो, नव्या माणसाला पहिले दिवस जडच जातात. तिसऱ्या आठवड्यात जोडी आली. या जातीत मोठी ती मादी असते आणि ती गेली तर मागे राहिलेला नर तिच्या जागी मादी होतो, असं बाईंनी सांगितलं होतं. रिक्त पद भरायची इतकी सुटसुटीत पद्धत मी कुठे पाहिली नव्हती. पण निळ्यानं दोघांनाही पदापर्यंत पोचूच दिलं नाही. ती दोघं पाण्याच्या पृष्ठभागाशी, दिव्याखाली, एकमेकांना टेकून दिवस काढू लागली. चौथ्या आठवड्यात गोबी आला, त्यानं परिस्थिती बघितली आणि तो वाळूत गेला. तो नंतर आम्हाला दिसला नाही. कन्या त्याला हजेरीपटावर गैरहजर दाखवायची.

चार फुटांची पेटी. त्यातले पावणेचार फूट एका अंगठ्याएवढ्या माशाचे आणि उरलेल्यात बाकीचे चौघं. खाणं टाकलं की आधी निळा खायचा, मग बाकीच्यांना खाऊ न देण्याचं काम करायचा. काच पुसायला हात घातला तर त्यानं माझ्या बोटाला चावा घेतला. सचिवांच्या नमुन्यातला तो एक रकाना भरायची सोय झाली.

मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तीन घरांतून परत आलाय तो. म्हणून तर आठ महिने माझ्याकडे होता. चौथ्यांदा नाही घेणार मी."

मग उपाय सुरू झाले. अनुभवी म्हणाले, अनुभवानं सांगतो, आरसा लावा. काचेला बाहेरून आरसा लावला. निळा दिवसभर आरशातल्या निळ्याशी भांडला, आणि संध्याकाळी आरसा काढल्यावर तो राग धरून बाकीच्यांकडे वळला. मग मी त्याला निलंबित केलं. म्हणजे स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची भोकांची टोपली पाण्यात तरंगती ठेवली आणि निळ्याला चार दिवस तीत ठेवलं. बायको भाजी धुवायला टोपली शोधत होती. ती कुठे आहे हे कळल्यावर तिनं मला एवढंच विचारलं की परत कशात धुवू, आणि मग दोन दिवस काहीच विचारलं नाही. चार दिवसांनी निळ्याला सोडलं. तो सरळ कपारीत गेला, तिथे बसायला धजावलेल्या टँगला हाकललं आणि जागेवर बसला. निलंबन मागे घेतल्यावर माणसं कामावर कशी परत येतात हे मला माहीत आहे, तरी मी आशा केली होती.

यात एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. ती बायकोनं दाखवली. बाबांची खुर्ची हलली होती. फारशी नाही. फरशीच्या रेघेपासून चार बोटं. दुसऱ्या दिवशी वीतभर. टोपलीच्या चार दिवसांत ती निम्मी वळली, आणि निळ्यानं टँगला हाकललं त्या संध्याकाळी बाबा खिडकीकडे पाठ करून पेटीकडे बघत बसले होते. मी रोज कार्यालयातून आल्यावर आधी फरशी बघायचो. पण ताट तिथेच जात होतं, आईची खुर्ची तशीच होती, आणि ताईच्या मुदतीला आठ दिवस उरले होते.

त्या शनिवारी टँगनं खाणं सोडलं. एका कुशीवर पडून, धापा टाकत तो पंपामागे होता. मी पेटीसमोर उभा होतो आणि माझा धीर सुटला. तीन महिने, सहा आठवडे मुरवलेलं पाणी, पाच किलो मीठ, बायकोची टोपली, आणि त्यातून निघालं काय, तर बाबांच्या डोळ्यांसमोर एक मासा मरणार. वर ताई येणार. मी कन्येला म्हणालो की आता काही होणार नाही, जागा त्याची आहे, तो आधी आलाय, बाकीच्यांनी जुळवून घ्यायला हवं होतं.

"जागा त्याची कशी?"

मी वळून बघितलं. बाबा होते. खुर्चीतून उठून उभे होते.

"तू पहिला आणलास म्हणून?" बाबा म्हणाले. "दगड हलव."

बायको स्वयंपाकघरातून दारात आली आणि तिथेच थांबली. बाबांनी बाह्या दुमडल्या होत्या. तो शाळेतला आवाज होता, साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, आणि मी तो कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. सगळे दगड काढ, म्हणाले. पाचही जणांना बादलीत घे. डोंगर होता तिथे मोकळं ठेव, मोकळं होतं तिथे दगड लाव. कपार मोड. लहानांना आधी सोड, दांडगा शेवटी. सगळे नवे झाले पाहिजेत. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेला क्रम हाच होता, पण ते मी त्या क्षणी कोणाच्या लक्षात आणून दिलं नाही.

त्यानंतरचा तास मला आठवतो तो ओला आठवतो. दगड निघाले, पाणी सांडलं, गोबी वाळूतून निघाला आणि कन्येनं त्याची हजेरी लावली. निळा जाळीत येईना. तो मोडलेल्या कपारीच्या जागी उभा राहून माझ्या हाताला चावत होता. अनुभवी दारातून आत आले आणि म्हणाले, अनुभवानं सांगतो. बाबांनी नुसतं बघितलं आणि अनुभवी पुसायचं फडकं घेऊन खाली बसले. तेवढ्यात बेल वाजली. सचिव होते, तपासणीला आले होते. खालच्या मजल्यावर ठिपके पडताहेत अशीही एक तोंडी तक्रार त्यांच्यापाशी होती. हॉलमध्ये पाणी, माझ्या कोपरापर्यंत वाळू आणि पाच प्राणी, म्हणजे नियमापेक्षा तीन जास्त. सचिवांनी वही उघडली. बाबांनी त्यांच्या हातातून वही घेतली आणि बादली दिली.

"नीट धरा," बाबा म्हणाले. "हलवू नका, आत लहान आहेत."

सचिवांनी बादली धरली. वीस मिनिटं धरली. मध्ये एकदा त्यांनी विचारलं की हा पट्ट्यापट्ट्यांचा कुठला, आणि उत्तर मिळाल्यावर मान हलवली. जाताना ते वही न्यायला विसरले. माझा अर्ज आजतागायत विचाराधीन आहे आणि मी त्याबद्दल विचारायला गेलेलो नाही.

नवी मांडणी झाली. डाव्या बाजूला दगडांचा एक ढीग, उजवीकडे दोन छोटे, मध्ये मोकळी वाळू. गोबी सोडला, जोडी सोडली, टँग सोडला, शेवटी निळा. तो आत उतरला आणि सरळ पेटीच्या मध्यावर गेला, जिथे त्याची कपार होती. तिथे काही नव्हतं. तो तिथे उभा राहिला. एक फेरी मारली, परत तिथेच आला. मला खरं सांगायचं तर त्याची दया आली. शेवटी तो उजव्या कोपऱ्यातल्या एका दगडाखाली गेला आणि तिथून तोंड बाहेर काढून बसला. टँग हळूहळू पंपामागून पुढे आला. कन्येनं खाणं टाकलं आणि पाचही जणांनी ते खाल्लं. निळा अजून अधूनमधून कोणाच्या तरी अंगावर जातो. पण आमच्या कार्यालयात जेवढं चालतं त्यापेक्षा ते जास्त नाही.

बाबा परत खुर्चीत जाऊन बसले आणि ताट तिथेच मागवलं. आठवडाभर तेच चाललं. आता ते बोलत होते, पण ताट काही खुर्ची सोडत नव्हतं. रविवार आला. ताई आली, दाराशी तिची रिकामी बॅग ठेवली. मी तिला मासे दाखवले, बाबा कसे बोलले ते सांगितलं. ती म्हणाली, छान झालं, पण ठरलं काय होतं, ते टेबलाशी येतात का. बायकोनं ताटं घेतली. आम्ही टेबलाच्या त्या टोकाला कोंडाळं करून बसलो. आता आम्ही चौघं होतो, त्यामुळे ताई माझ्या ताटात जेवणार की मी तिच्या, हे ठरायचं होतं.

बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी टेबल बघितलं. मग ती खुर्ची बघितली. बराच वेळ बघितली.

"उठा सगळे," बाबा म्हणाले. "टेबल फिरवा."

आम्ही ताटं उचलली आणि टेबल फिरवलं. भिंतीला जी बाजू होती ती खिडकीकडे आली. बाबा एकेक खुर्ची धरून लावत गेले आणि एकेकाचं नाव घेत गेले. कन्या खिडकीशी. बायको मध्ये. स्वतः दाराकडे तोंड करून. मग त्यांनी आईची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, दुसऱ्या बाजूला मांडली आणि ताईकडे बघितलं.

"बाबा, ही आईची आहे," ताई म्हणाली.

"हो," बाबा म्हणाले. "दर महिन्याला बदलणार आहे. पुढच्या महिन्यात दुसरं कोणी बसेल. बस."

ताई बसली. पदरानं डोळे पुसले आणि भात वाढून घेतला. मीही डोळे पुसले, पण कोणाचं लक्ष नव्हतं, कारण तोपर्यंत मला माझी जागा कळली होती. फ्रिजच्या दाराशी. तिथे बसणाऱ्याला दर पाच मिनिटांनी उठावं लागतं, कारण कोणाला तरी पाणी हवं असतं. मी बाबांना सांगितलं की या घरात बाबांच्या खालोखाल ज्येष्ठ मीच आहे, ताई पाहुणी आहे आणि कन्या तर अकरावीत. चौथीत दाराजवळ बसवलं होतं तेही काढलं.

"पुढच्या महिन्यात बघू," बाबा म्हणाले आणि भाजी मागितली.

ताईनं पाणी मागितलं. मी उठलो, फ्रिज उघडला, बाटली काढून तिला दिली. तिची बॅग दाराशी रिकामीच होती. बाबांनी भात दुसऱ्यांदा घेतला.